हात थरथरतोय: पार्किन्सन की इसेन्शियल ट्रेमर?

हात कापायला लागला की घरातलं कुणीतरी हमखास दबक्या आवाजात विचारतं, "पार्किन्सन तर नसेल ना?" असूही शकतो. पण हात कापायला लावणारा त्याहून जास्त आढळणारा आजार म्हणजे इसेन्शियल ट्रेमर. डॉक्टर त्याला थोडक्यात ईटी म्हणतात. दोन्ही वर्षानुवर्षं सोबत राहतात, पण औषधं वेगळी आणि पुढची वाटचालही वेगळी. त्यामुळे आधी नाव नीट ठरू द्यावं, गोळी त्यानंतर.

हात किती कापतो यापेक्षा कधी कापतो ते पाहा. माणूस टीव्ही बघत बसलाय, हात मांडीवर सैल पडलाय आणि अंगठा-तर्जनी गोळी वळल्यासारखी हलतायत, तर संशय पार्किन्सनचा. समोरचा पेला उचलायला हात पुढे गेला की थरथर थांबते. पेला काही सेकंद तसाच धरून ठेवला तर परत सुरू होऊ शकते. ईटीत उलटं. मांडीवरचा हात शांत असतो, पेला ओठांजवळ यायला लागला की पाणी सांडतं. पार्किन्सन एका बाजूने सुरू होतो आणि ती बाजू पुढेही जास्त धरलेली राहते. ईटीत दोन्ही हात कापतात, फार तर एक थोडा जास्त. मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलत असेल किंवा आवाज कापरा झाला असेल, तर पारडं ईटीकडे झुकतं. हनुवटी किंवा पाय थरथरत असेल तर पार्किन्सनकडे. ईटीत आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाचे तरी हात कापत असल्याचं बरेचदा निघतं.

कागद-पेन घ्या आणि मधून बाहेर जाणारी गोल वेटोळी काढायला सांगा, हात टेबलाला न टेकवता. ईटीत वेटोळं मोठं येतं, पण रेघ करवतीच्या दात्यांसारखी. पार्किन्सनमध्ये ते लहान, एकमेकांना चिकटलेलं येतं. अक्षराचंही तसंच: ओळ मोठी सुरू होते आणि शेवटाला मुंगीएवढी होते. कागदावर तारीख टाकून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा कागद शेजारी ठेवला की फरक दिसतो.

आता खरी मेख. पार्किन्सनचं निदान थरथरीवर होतच नाही, मंदपणावर होतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागणं, चालताना एक हात न हलणं, अंथरुणात कूस बदलताना अडणं. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली तर सातव्या-आठव्या वेळेपर्यंत बोटांमधलं अंतर कमी होत जातं. हा मंदपणा नसेल तर पार्किन्सन म्हणता येत नाही. उलट काही रुग्णांना थरथर कधीच होत नाही. त्यांचा खांदा आखडतो आणि महिनोन्‌महिने फ्रोझन शोल्डर म्हणून शेकत बसतात. वास कमी येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं हे तर थरथरीच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं, फक्त कुणी विचारत नाही.

"एमआरआय काढला, नॉर्मल आला, म्हणजे पार्किन्सन नाही" हे सर्रास ऐकू येतं आणि चूक आहे. साधा एमआरआय दोन्हींत बहुधा नॉर्मलच असतो. तो दुसरं काही नाही ना, हे बघायला काढतात. डॅट स्कॅन मेंदूतल्या डोपामिनचं (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) जाळं दाखवतो: ईटीत नॉर्मल, पार्किन्सनमध्ये कमी. पण तपासूनही डॉक्टर साशंक असतील तेव्हाच त्याचा उपयोग. त्याआधी थायरॉइडची तपासणी आणि चालू गोळ्यांची यादी बघून घ्या. दम्याचं साल्ब्युटामॉल किंवा फिटचं व्हॅल्प्रोएट हात कापायला लावू शकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरचं सिनारिझिन तर हुबेहूब पार्किन्सनचं सोंग आणतात. वय चाळिशीच्या आत असेल तर विल्सन्स डिसीज (शरीरात तांबं साठण्याचा आजार) वगळायलाच हवा.

ईटीत काही अडत नसेल तर औषध न घेणं हाही रीतसर पर्याय आहे. घ्यायचंच तर प्रोप्रानोलॉल (दमा असेल तर नको) किंवा प्रिमिडोन. प्रिमिडोनची पहिली गोळी झोप आणते, म्हणून ती अगदी कमी डोसपासून आणि रात्री. थरथर कमी होते, पूर्ण जाईलच असं नाही.

पार्किन्सनमध्ये मुख्य औषध लेव्होडोपा आणि त्याच्याबद्दलची भीती औषधाहून जुनाट वाटते. "आत्ताच घेतली तर पुढे लागू पडणार नाही" म्हणून लोक कुढत दिवस काढतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत 445 रुग्णांपैकी अर्ध्यांना लेव्होडोपा लगेच दिली, बाकीच्यांना 40 आठवड्यांनी. 80 आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गट सारखेच. आधी घेऊन आजार थांबला नाही, पण नुकसानही झालं नाही. म्हणून माझं मत: कामं अडायला लागली की सुरू करावी, साठवून ठेवू नये. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, कारण प्रथिनं तिच्या आड येतात. मनाने एकदम बंद मात्र कधीच करू नये. प्रॅमिपेक्सोलसारख्या, डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागतो, हे घरच्यांनाही माहीत हवं.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत बारीक तार, छातीत बॅटरी. नंतर कमीजास्त किंवा बंद करता येतं, दोन्ही बाजूंना चालतं. फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये कवटी उघडत नाहीत, पण ध्वनिलहरींनी मेंदूत केलेला डाग कायमचा. ईटीसाठी अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मान्यता मिळाली. तार घालायला मन धजत नसेल आणि एकाच हाताचा त्रास मोठा असेल, तर ईटीवाल्याने अल्ट्रासाउंडचा विचार करावा. पार्किन्सनमध्ये डीबीएसचा ठोकताळा असा, की लेव्होडोपाने जे सुधारतं तेच त्याने सुधारतं. थरथर तेवढी अपवाद.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना मोबाइलवर छोटा व्हिडिओ घेऊन जा. हात मांडीवर सैल ठेवायला सांगा आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावा. आकडेमोडीत मन गुंतलं की लपलेली थरथर बरेचदा बाहेर येते.