रूळ हेही प्रदर्शनच आहे : रेल्वे संग्रहालयातील स्वयंसेवी कामाविषयी

रेल्वे संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाफेचे इंजिन असते. मीही त्याच ओढीने अर्ज केला होता. इंजिनशेडमध्ये जागा नसल्यामुळे मला रूळ आणि यार्डाच्या तुकडीत घेतले गेले. एक संपूर्ण हंगाम, दर शनिवारी, त्या तुकडीबरोबर राबल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. उपक्रम मला मनापासून आवडला, कारण इथे स्वयंसेवकाला नावापुरते काम देत नाहीत. तुम्ही बसवलेल्या स्लीपरवरून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी ओंडक्यावरून, खरोखरची गाडी जाते. त्यातील दोन उणिवा मात्र अशा आहेत की त्या सांगितल्याशिवाय कोणालाही तिथे जा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या दिवशी हातात एकही अवजार दिले गेले नाही. हयातभर रुळांवरच काम केलेल्या आमच्या मुकादमांनी आम्हा नवख्यांना मार्गाच्या कडेने दोन तास चालवले आणि आधी पाहायला शिकवले : खडीतून चिखल वर आला असेल तर तिथे पाणी तुंबते आहे, खिळ्याच्या मानेशी लोखंड चकाकत असेल तर तो सैल होऊन घासतो आहे. रुळाच्या माथ्यावर पाय ठेवायचा नाही, सांध्याच्या, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेच्या, हलत्या जिभेच्या फटीत हात किंवा पाय घालायचा नाही, आणि फिशप्लेटची (दोन रुळांची टोके जोडणाऱ्या लोखंडी पट्टीची) भोके जुळली आहेत की नाहीत हे बोटाने कधीही चाचपायचे नाही. हा शेवटचा नियम ऐकताना क्षुल्लक वाटतो. पण १३ मीटर लांबीचा, मीटरमागे ६० किलो वजनाचा रूळ म्हणजे जवळजवळ ७८० किलो लोखंड, आणि ते एखाद्या केसाइतके सरकले तरी बोट राहत नाही. “बोट नव्हे, सळई,” एवढेच ते म्हणायचे, आणि हंगामभर एकाही नवशिक्याच्या बाबतीत त्यांनी हे वाक्य म्हणायचा कंटाळा केला नाही.

कामाचा गाभा म्हणजे कुजलेले स्लीपर बदलणे. आधी दोन स्लीपरांमधल्या जागेतली खडी उपसायची, खिळे उपटायचे, जॅकने रूळ बोटभर उचलायचा, जुना स्लीपर बाजूने ओढून काढायचा आणि त्याच वाटेने नवा आत सरकवायचा. कठीण लाकडाचा मोठा स्लीपर सहज ८० किलोंच्या घरात जातो, त्यामुळे ताकदीपेक्षा एका हुकमावर सगळ्यांनी एकदम हलणे महत्त्वाचे ठरते. खरे कसब त्यानंतर लागते. बीटरने, म्हणजे खडी ठोकण्याच्या कुदळीसारख्या अवजाराने, खडी स्लीपरखाली भरताना ती प्रत्येक रुळाच्या दोन्ही अंगांना सुमारे ४० सेंटीमीटरपर्यंतच घट्ट करायची आणि मधला भाग सैल सोडायचा. मीही हे काम पहिल्यांदा करताना उत्साहाने मध्यभागच घट्ट भरला होता. मुकादमांनी तो पुन्हा उकरायला लावला, कारण मधोमध टेकलेला स्लीपर गाडीच्या भाराखाली दोन्ही टोकांनी झुलतो आणि शेवटी कमरेत मोडतो. नीट भरलेला स्लीपर पहारीच्या ठोक्याला भरीव, बद्द आवाज देतो, तर खाली पोकळी असलेला पोकळच वाजतो. हा फरक कानाला कळायला मला तीन शनिवार लागले. त्यानंतर शंटिंगचे इंजिन त्या जागेवरून गेले तेव्हा मी सुरक्षित अंतरावर उकिडवा बसून पाहत होतो; रूळ किंचित दबून परत वर आला आणि खडीचा एक दगडही निसटला नाही. इंजिनशेडमध्ये जागा मिळाली नाही याची खंत त्या क्षणी संपली.

रुळांच्या जोडांची देखभाल हे त्यामानाने शांत काम आहे. फिशप्लेटा उघडायच्या, घासायच्या, वंगण लावून पुन्हा आवळायच्या. त्यामागचे कारण समजावून सांगितल्यामुळे ते कंटाळवाणे होत नाही : तापमान ३० अंशांनी वाढले की १३ मीटरचा रूळ सुमारे ४.५ मिलिमीटर लांबतो, त्याला जोडात सरकायला वाव मिळाला नाही तर मार्ग बाजूला फुगतो, आणि गंजलेली फिशप्लेट तो वाव देत नाही. याच कामात एकदा तारेच्या ब्रशने रुळाच्या पोटावरचा गंज काढताना उठावाची अक्षरे वर आली : कारखान्याची खूण, वजनाचा आकडा, वर्ष, आणि महिना दाखवणाऱ्या उभ्या रेषा. रूळ लाटला जातानाच उमटलेली ही जन्मनोंद इतकी वर्षे गंजाखाली शाबूत राहिली होती. आम्ही सगळे हातातले काम टाकून ती वाचायला वाकलो.

यार्डातल्या कामात तण उपटणे, भंगाराची वर्गवारी, सांध्यांना तेल देणे आणि इंजिनांतून रुळांवर पडलेली जुनी राख हटवणे येते. राख तातडीने काढावी लागते, कारण कोळशाच्या राखेतला गंधक ओलाव्याबरोबर रुळाचा तळ खातो.

आता उणिवा. पहिली सुरक्षिततेची आहे. जुने स्लीपर क्रिओसोटने, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या डांबरी तेलाने, मुरवलेले असतात. ते त्वचेला लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखी आग होते. आमच्या तुकडीला हातमोजे मिळाले होते, पण पूर्ण बाह्यांची सूचना कोणी दिली नाही, आणि माझी दोन्ही मनगटे दोन दिवस लाल होती. बोटांची इतकी काळजी घेणाऱ्या उपक्रमात ही गोष्ट राहून जावी, याचे मला वाईट वाटले.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. कोणता स्लीपर कधी बदलला, कोणता जोड कधी उघडला, याची नोंदवही तिथे नाही. प्रत्येक इंजिनासमोर त्याच्या बांधणीचा इतिहास सांगणारा फलक आहे, पण ज्या मार्गावर ते उभे आहे त्याच्याविषयी एक ओळही नाही. आणि गंजातून वर आलेल्या त्या अक्षरांवरून पुढच्याच महिन्यात काळा रंग फिरवण्यात आला. वेल्समधला तालिलिन हा १८६५ साली सुरू झालेला मार्ग १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतला, आणि स्वयंसेवकांनी जपलेली ती जगातली पहिली रेल्वे ठरली. तिथे स्लीपर इतके कुजले होते की अनेक ठिकाणी रूळ गवतानेच धरून ठेवले होते. म्हणजे या चळवळीच्या पहिल्याच पिढीला रुळांशी झुंजावे लागले होते. अमेरिकेत स्लीपरमध्ये वर्षाचे आकडे कोरलेला छोटा खिळा ठोकत असत, जेणेकरून लाकूड किती वर्षे टिकले ते नुसत्या नजरेने कळावे. तसे खिळे ठोकणे आजही अवघड नाही, आणि पाहुण्यांना ते दाखवण्याजोगेही आहेत. मी ही सूचना लेखी दिली आहे. तोवर स्लीपरांचे क्रमांक आणि तारखा माझ्या स्वतःच्या वहीत लिहितो आहे.

पाठदुखी असणाऱ्यांनी बीटरचे काम घेऊ नये. त्यांना जोड आणि सांध्यांचे काम आनंदाने दिले जाते. जाणाऱ्यांनी घोट्यापर्यंतचे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट घालावेत आणि ऊन कितीही असले तरी पूर्ण बाह्यांचा सदरा सोबत न्यावा.