सेमी इंग्रजीचे ऑनलाइन तास: लाइव्ह घ्यावेत की रेकॉर्ड करून द्यावेत?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सुरू झालेले ऑनलाइन तास आज रोजचे राहिलेले नाहीत, पण संपलेलेही नाहीत. अतिवृष्टीची सुट्टी, निवडणुकीच्या कामावर गेलेले शिक्षक, दहावीचे जादा तास अशी कारणं निघतच असतात. सेमी इंग्रजी शाळेत ते घेणं जास्त अवघड असतं, कारण मुलाला अपूर्णांकांची बेरीज आणि ती ज्या इंग्रजीत सांगितली जाते ते इंग्रजी, अशी दोन कामं एकाच दमात करावी लागतात. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा बघून शिक्षक पटकन मराठीत येतात. पडद्यावर कॅमेरे बंद असले की तो चेहराच दिसत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. पाचवी ते आठवीसाठी संकल्पना मराठीतून समजावून रेकॉर्ड करून द्या आणि लाइव्ह वेळ मुलांना इंग्रजीतून बोलतं करण्यासाठी राखून ठेवा. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात: लाइव्ह तासात शिक्षक एकटे बोलतात आणि सराव गृहपाठात ढकलला जातो.

लाइव्ह तासात मूल जिथे अडलं तिथेच थांबता येतं, हा त्याचा मोठा फायदा. पण ४० मिनिटांचा तास आणि ६० मुलांची तुकडी असेल, तर शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. दहा मुलांचा गट करून ३० मिनिटं घेतली तर तीन मिनिटं मिळतात, आणि तीन मिनिटांत पाचवीचं मूल एक उदाहरण इंग्रजीतून वाचून सोडवून दाखवू शकतं. म्हणून लाइव्ह घ्यायचं तर गटातच घ्या. झूमच्या मोफत खात्यावरची ४० मिनिटांची मर्यादाही मग आड येत नाही.

दुसरा प्रश्न डेटाचा. १ एमबीपीएस वेगाने ४५ मिनिटं व्हिडिओ चालला की साधारण ३४० एमबी जातात. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती. तेवढंच पाळलं तरी दोन भावंडांच्या घरात दीड जीबीचा रोजचा पॅक जवळपास संपतो. त्याउलट सहा मिनिटांचा ४८०पी व्हिडिओ २०-२५ एमबीत बसतो. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर सकाळी अकराचा तास कितीही चांगला असला तरी त्या मुलासाठी तो नसतोच.

आवाजाचंही बघा. नेटवर्क कमकुवत असलं की शब्दाचा शेवट गळतो; 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' सारखेच ऐकू येतात. मूल गणित बरोबर करतं, पण भलत्याच संख्येचं. म्हणून लाइव्ह तासात प्रत्येक संख्या आणि प्रत्येक नवी संज्ञा पडद्यावर लिहिलेली हवीच.

रेकॉर्डिंगचा फायदा असा की मूल थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकू शकतं. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला हेच सर्वांत जास्त लागतं, आणि लाइव्ह तासात 'सर, परत सांगा' म्हणायला ते लाजतं. व्हिडिओ करायला मोठा खटाटोप नको. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवा, कॅमेरा खाली ए-४ कागदाकडे, अंतर ३५-४० सेंटिमीटर. लिहायला पेन्सिल नको, काळा मार्कर हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी खिडकी डावीकडे घ्यावी, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. इअरफोनचा माइक वापरला की खोलीतला घुमारा जातो. एका व्हिडिओत एकच गोष्ट, पाच-सहा मिनिटांत.

भाषेची मांडणी अशी ठेवा: कागदाच्या डाव्या कडेला त्या दिवसाच्या चार-पाच इंग्रजी संज्ञा, शेजारी मराठी शब्द: न्यूमरेटर, अंश, डिनॉमिनेटर, छेद. समजावणं मराठीत. शेवटच्या मिनिटात तेच उदाहरण पुस्तकातल्या इंग्रजी वाक्यांत सावकाश म्हणायचं. एकाच वाक्यात दोन्ही भाषांची सरमिसळ केली की मुलाला अर्थ कळतो, पण परीक्षेतलं पूर्ण इंग्रजी वाक्य कधी कानावरच पडत नाही. मराठी समजावणं ऐकून आई-बाबांनाही शेजारी बसून मदत करता येते.

हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर 'व्हिडिओ' म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत बालभारतीच्या संकेतस्थळावरून इंग्रजी आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांची पीडीएफ द्या; धडे तेच असल्याने मुलाला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. दीक्षा ॲपवरही माध्यम बदलून त्याच घटकाचं साहित्य शोधता येतं.

रेकॉर्डिंगचा दोष मोठा आहे: मुलानं ते पाहिलं का आणि त्याला समजलं का, हे कळत नाही. त्यावर गुगल फॉर्ममध्ये चारच प्रश्न द्या, दोन मराठीत आणि त्याच धाटणीचे, आकडे बदललेले, दोन इंग्रजीत. मराठी बरोबर आणि इंग्रजी चूक आलं तर अडचण भाषेची. दोन्ही चूक तर संकल्पनाच पुन्हा घ्यावी लागेल. लाइव्ह गट हजेरी क्रमांकानं पाडण्याऐवजी या उत्तरांवरून पाडा. भाषेवर अडलेल्यांकडून उदाहरणं मोठ्यानं वाचून घ्या आणि 'काय दिलंय, काय काढायचंय' एवढंच विचारा. संकल्पनेवर अडलेल्यांशी इंग्रजीचा आग्रह त्या दिवशी सोडून द्या.

लाइव्ह तासात चॅटवर उत्तरं मागवली की पहिलं उत्तर आल्याबरोबर बाकीचे तेच लिहितात. 'लिहून ठेवा, मी सांगेपर्यंत पाठवू नका' ही सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

शिक्षकांच्या वेळेचा हिशोबही मांडायला हवा. सहा मिनिटांच्या व्हिडिओला सुरुवातीला तास-दीड तास सहज जातो, मात्र तो पुढच्या वर्षीही आणि दुसऱ्या तुकडीलाही चालतो. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी धडे वाटून घेतले तर एकावर भार येत नाही. तेवढीही माणसं नसतील, तर व्हिडिओ फक्त मुलं दरवर्षी अडतात त्याच घटकांचे करा.

नववी-दहावीत तोल थोडा बदलतो. तिथे समजावणंही बरंचसं इंग्रजीतून व्हायला हवं आणि शंका जास्त नेमक्या असतात, म्हणून लाइव्हचा वाटा वाढवावा. ज्या वस्तीत संध्याकाळी सातनंतरच फोन घरी येतो, तिथे हे गट साडेसातला ठेवावेत आणि त्या शिक्षकांचा दिवसाचा एक तास कमी करावा. ही सोय वेळापत्रकात आधीच करून ठेवली नाही, तर संध्याकाळचे गट फार दिवस टिकत नाहीत.