गूगल स्कॉलर: आकड्यावर भुलू नका

संशोधन लेख शोधून देणारं, २००४ पासून मोफत चालणारं गूगल स्कॉलर एम.ए., पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. फक्त पडद्यावरच्या चार-पाच शब्दांचा नेमका अर्थ माहीत हवा.

प्रत्येक लेखाखाली 'सायटेड बाय' आणि एक आकडा असतो. त्या लेखाचा संदर्भ पुढे किती ठिकाणी आला, एवढंच तो सांगतो. कौतुकाने आला की वाभाडे काढायला, ते नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला १९९८चा लेख अवघ्या १२ मुलांवरचा. २०१०मध्ये जर्नलने तो मागे घेतला (हेच रिट्रॅक्शन), तरी त्याची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, हजारांत आहेत. आकड्यावर क्लिक करा, 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स'वर टिक करा आणि आपला शब्द टाका. जुन्या लेखाचं पुढे काय झालं, कोणी खोडून काढला, हे दोन मिनिटांत दिसतं. या एका सोयीसाठी बाकीच्या खोडी माफ.

खोडी आहेतच. पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर अभ्यासकांनी केलेली तपासणी, झालेले लेख वेगळे काढायची सोयच नाही. प्रीप्रिंट (तपासणीआधी खुला केलेला मसुदा), प्रबंध, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स, सगळे एकाच पंगतीत. शीर्षकाखालची हिरवी ओळ वाचा. तिथे 'आरकाइव्ह' (प्रीप्रिंट ठेवायचं संकेतस्थळ) दिसलं, तर 'ऑल व्हर्जन्स'मध्ये जर्नलमध्ये छापलेली आवृत्ती आहे का बघा. 'सॉर्ट बाय डेट' लावलं तर गेल्या वर्षभरात भर पडलेलेच लेख दिसतात. त्यापेक्षा 'कस्टम रेंज'मध्ये वर्षं भरा.

लेखकाच्या प्रोफाइलवर एच-इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० सायटेशन्स मिळालेले २० लेख. पण यादी आपोआप भरू दिली, तर भलत्याच 'एस. पाटील'चे लेख तिच्यात येऊन बसतात आणि आकडा फुगतो.

'साइट' बटणावरचा तयार संदर्भ तसाच चिकटवू नका. अंक किंवा पृष्ठक्रमांक गळलेले असतात, नाव-आडनावाची अदलाबदल होते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, प्रकाशकाच्या पानावरून घ्या.

मराठीतून शोध मात्र निराशाजनक. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाण अक्षरपद्धतीत) टाकलेल्या शब्दाने सापडत नाहीत. भारतीय प्रबंध हवे असतील, तर सरळ शोधगंगेवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा.