कॉर्टिसॉलची तपासणी: गोळी की कॅन?

कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरात तयार होणारं स्टेरॉइड हार्मोन, वाढल्याची शंका असेल, तर खानापूरहून बेळगावला येणाऱ्याला गोळीची तपासणीच सोयीची. रात्री ११ ला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची, सकाळी ८ ला रक्त द्यायचं. कॉर्टिसॉल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कुशिंग (कॉर्टिसॉल जास्त झाल्याने होणारा आजार) बहुधा नाही. मात्र गर्भनिरोधक गोळ्या किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल, तर आकडा उगाच चढतो.

अशांना २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तपासणं बरं. पण तो कॅन घेऊन निपाणीच्या बसमध्ये कोण बसणार! शिवाय सकाळची पहिली टाकायची, मग दुसऱ्या सकाळच्या पहिलीपर्यंत थेंबन्‌थेंब साठवायचा, तेही किमान दोनदा. मूत्रपिंड अधू असेल तर निकाल भलताच कमी येतो.

सांधेदुखीवर स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल, तर ते दोन्हींच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.