पायपाय वर्षभर वापरल्यावर: कुठे घ्यावं, कुठे नको

पायथन म्हणून आपण जे डाउनलोड करतो ते सीपायथन, म्हणजे सी भाषेत लिहिलेलं मूळ इंजिन. पायपाय हे पायथन भाषेचंच दुसरं इंजिन. गेलं वर्षभर माझ्या मशीनवर दोन्ही आहेत.

परीक्षांचं वेळापत्रक जुळवणारा माझा एक प्रोग्रॅम आहे. दोन पेपरांच्या वेळा अदलाबदल करायच्या, किती मुलांचे पेपर एकमेकांवर येतात ते मोजायचं, आकडा उतरला तर बदल ठेवायचा, नाहीतर मागे घ्यायचा. असं लाखो वेळा. सगळा साधा पायथन, बाहेरची एकही लायब्ररी नाही. सीपायथनवर हा मी रात्री लावून झोपायचे. पायपायवर एकही ओळ न बदलता चालवला आणि मी खुर्चीतून उठायच्या आत संपला! त्याचा जिट कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच कोडचं भाषांतर करणारा भाग) आधी लूपवर नजर ठेवतो. ठरलेल्या फेऱ्या झाल्या (मुळात हा आकडा १०३९ आहे) की त्या वाटेचा थेट मशीन कोड बनवतो. म्हणूनच झटपट संपणाऱ्या माझ्या टेस्ट पायपायवर उलट रेंगाळतात. त्या सीपायथनवरच ठेवल्या आहेत.

एकदा मात्र पायपायवर चांगलीच अडकले. निकालाची फाइल मी एका ओळीत उघडून लिहायचे, बंद करायचे नाही. पुढच्याच ओळीत ती वाचायला गेले, तर रिकामी. दोन तास डिस्कवर संशय घेण्यात गेले. सीपायथन प्रत्येक वस्तूचे संदर्भ मोजतं. शेवटचा संदर्भ सुटला की फाइल तिथल्या तिथे बंद होते. पायपाय असं मोजत नाही. त्याचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेल्या वस्तू साफ करणारा भाग, सवडीने येतो, तोवर मजकूर बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत. यात पायपायला दोष देता येत नाही. फाइल लगेच बंद होईल असं वचन पायथन भाषेनं दिलेलंच नाही, ती सीपायथनची सवय, आणि मी तिलाच भाषा समजून बसले होते. काम संपताच फाइल बंद करणारं 'विथ' घातलं आणि प्रश्न मिटला. लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत जाण्याचंही तेच: सीपायथन ते बऱ्याचदा सांभाळून घेतं, पायपायवर ते महागात पडतं. तुकडे लिस्टमध्ये ठेवून शेवटी 'जॉइन' करा.

नमपाय किंवा पांडाज या आकडेमोडीच्या लायब्रऱ्यांवर काम असेल तर पायपायच्या वाटेला जाऊ नका. त्या लायब्रऱ्या सीपायथनच्या सी एपीआयवर (सी कोडला इंजिनशी जोडणाऱ्या दारावर) बांधलेल्या. पायपायमध्ये त्या मधल्या थरातून चालतात आणि प्रत्येक ये-जा वेळ खाते. थ्रेड वाढवून वेग मिळेल म्हणूनही येऊ नका, जिल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, इथेही आहे.

सीपायथनही सुधारतंय. २०२२ च्या ३.११ मध्ये वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. वेळापत्रक मी त्यावरही चालवून पाहिलं. फरक जाणवला, पण रात्रीचं काम रात्रीचंच राहिलं. ते आता पायपायवर, बाकी सगळं सीपायथनवर. तुम्ही तुलना कराल तेव्हा आपला सगळ्यात जड लूप घ्या आणि निदान मिनिटभर तरी चालू द्या.