मेडिटरेनियन क्रूझ: इटली-माल्टाकडची बंदरं घ्यावीत की ग्रीस-क्रोएशियाकडची?

मेडिटरेनियन क्रूझ शोधायला बसलं की फिरून फिरून दोनच रूट समोर येतात. एक पश्चिमेचा, म्हणजे बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, रोम, नेपल्स आणि पालेर्मो किंवा माल्टाची राजधानी व्हॅलेटा. दुसरा पूर्वेचा, दुब्रोव्हनिक, कोटोर, कॉर्फू, सँटोरिनी, अथेन्स. मग लोक जहाज केवढं, बाल्कनी मिळते का, मुलांसाठी काय आहे यावरून ठरवून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की आधी एकच गोष्ट बघा, जहाज लागतं तिथून गाव किती लांब आहे. बंदरात मिळतात साधारण आठ-नऊ तास, त्यातले उतरण्याचढण्यात जातात ते जातातच, उरलेल्यात बसमध्ये किती आणि गावात किती हाच खरा हिशोब.

पश्चिमेच्या रूटवर या हिशोबात सगळ्यात महाग पडतं ते रोम. जाहिरातीत रोम असतं पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. आधी बंदराची शटल, मग स्टेशन, मग ट्रेनचा तासभर. सान पिएत्रो स्टेशनला उतरलात तर व्हॅटिकन चालत गाठता येतं, पण मग कोलोसियमचा नाद सोडा, एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर बरोबरच्या आईवडिलांचा जीव मेटाकुटीला येईल. त्यात रविवार असेल तर व्हॅटिकन म्युझियम बहुतेक बंदच, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं असतं, त्यामुळे तारखेसोबत वारही बघा. फ्लॉरेन्सचंही असंच, तुम्ही उतरता लिव्होर्नोला नाहीतर ला स्पेझियाला. ला स्पेझिया असेल तर मी म्हणेन फ्लॉरेन्सच्या मागे लागू नका, लोकल ट्रेन पकडून चिंक्वे तेर्रेच्या गावांत जा, पहिलं गाव दहाएक मिनिटांवर आहे.

नेपल्सला मात्र जहाजातून उतरलात की समोर किल्ला आणि किल्ल्यापलीकडे शहर. मला हे बंदर सगळ्या रूटमध्ये सरस वाटतं. घाण आहे, गोंगाट आहे, पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पण स्पाक्कानापोलीच्या त्या सरळसोट अरुंद गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंना दोरीवरचे कपडे, भट्टीतल्या पिझ्झाचा वास आणि मधूनच हॉर्न वाजवत जाणाऱ्या स्कूटर, वेळ कसा जातो कळत नाही. शाकाहारी असाल तर मार्गेरिटा किंवा नुसत्या टोमॅटो-लसणाची मारिनारा घ्या, नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती काही उगाच नाही.

पाँपेईला जायचं तर मेट्रोने गारिबाल्डी स्टेशन आणि तिथून चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकलने चाळीसेक मिनिटं. तिथे रस्त्याच्या दगडांवर गाड्यांच्या चाकांचे खोल चरे अजून दिसतात, आणि रस्ता ओलांडायला उंच दगड ठेवलेत, मधल्या फटीतून चाक जाईल असे. दुकानांच्या ओट्यांमध्ये खाण्याची मडकी बसवायची गोल भोकंही तशीच आहेत. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव आहे हे तेव्हा खरं जाणवतं.

व्हॅलेटाचं बंदर तर जहाजावरूनच बघण्यासारखं, पहाटे डेकवर जाऊन उभे राहा, ग्रँड हार्बरमध्ये जहाज शिरतं तेव्हा दोन्हीकडे पिवळट दगडाच्या तटबंदी अंगावर येतात. बंदरातून थोडं चाललं की 58 मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती थेट वरच्या अप्पर बाराक्का बागेत सोडते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरदान आहे. दुपारी बाराला बागेखालच्या तोफखान्यातून तोफ उडते. सेंट जॉन्स चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 1608 चं मोठं चित्र आहे, ते चुकवू नका. शिवाय इंग्रजी सगळीकडे चालतं.

जिनोआ आणि पालेर्मोही चालत फिरायची शहरं. जिनोआत फरिनाता मिळते, हरभऱ्याच्या पिठाची, आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. मार्सेलिसला जहाज गावापासून बरंच लांब लागतं, जुन्या बंदरापर्यंत शटल घ्यावी लागते, पण मराठी माणसाला त्या पाण्याकडे बघताना 8 जुलै 1910 आठवणारच, सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ती इथेच.

आता पूर्वेचा रूट. निसर्ग म्हणाल तर तो कितीतरी पुढे. कोटोरला डोंगरांमधल्या वळणावळणाच्या खाडीतून जहाज आत जातं आणि उतरलं की रस्त्यापलीकडे गावाची वेस. वरच्या किल्ल्याला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, सकाळी लवकर गेलात तरच जा, नाहीतर गावातच निवांत फिरा, काही बिघडत नाही. दुब्रोव्हनिकला जहाज ग्रूझ बंदराला लागतं, जुनं गाव तीनेक किलोमीटर, सिटी बस सारखी असते. तटावरून फेरी जवळपास दोन किलोमीटरची, सावली जवळजवळ नाही, तिकीटही महाग, पण समुद्र आणि लाल कौलं एकत्र बघायची तर तीच जागा. अथेन्ससाठी पिरेअस बंदराहून मेट्रो आहे, अॅक्रॉपोलिसचं वेळेचं तिकीट आधीच काढा. कॉर्फू सोपं आणि सुंदर.

घोडं अडतं ते सँटोरिनीला. मोठ्या जहाजांना तिथे धक्काच नाही, समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवतात आणि मग वर गावात जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेच्या वर पायऱ्या. खेचरं आहेत, पण त्या मुक्या जनावरांचे हाल बघता बसू नका असंच मी सांगेन. दोन-तीन जहाजं एकदम आली की केबल कारच्या रांगेतच दिवस जातो, म्हणून 2025 पासून क्रूझचे प्रवासी दिवसाला 8,000 पर्यंतच ठेवतात आणि जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो फी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वारा सुटला तर बोटी बंद, सँटोरिनी लांबूनच बघायचं. फक्त सँटोरिनीसाठी पूर्वेचा रूट घेत असाल तर हे आधी पचवा.

तर बरोबर सासूसासरे, आईबाबा किंवा लहान मुलं असतील, खाण्यापिण्याचं आणि इतिहासाचं वेड असेल, तर पश्चिमेचा रूट, त्यातही व्हॅलेटा आणि नेपल्स दोन्ही असलेला शोधा, आणि रोमसाठी जहाजाचीच टूर घ्या, उशीर झाला तर जहाज त्यांच्या टूरसाठी थांबतं, तुमच्यासाठी थांबत नाही. दोघंच असाल, पाय धड असतील, डोंगर-समुद्र हवा असेल तर पूर्वेचा, पण मे किंवा सप्टेंबरअखेर.

व्हिसाचंही बघून घ्या. पश्चिमेची वरची सगळी बंदरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. पूर्वेला क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आला पण कोटोरचा माँटेनेग्रो नाही, म्हणजे मध्येच बाहेर जाऊन परत आत यायचं, त्यासाठी अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा, आणि टर्कीचं कुशादासी असेल तर तिथल्या व्हिसाचं क्रूझ कंपनीला वेगळं विचारून घ्या. आणखी एक, ग्रीसचं घड्याळ इटली-क्रोएशियाच्या एक तास पुढे आहे आणि फोन आपोआप वेळ बदलतो, त्यामुळे परत चढायची वेळ उतरताना जहाजाच्या घड्याळावर बघून मगच खाली पाऊल टाका.