पालिकेच्या दवाखान्यातलं लसीकरण, एका फ्रिजवाल्याच्या नजरेतून

३५ वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. त्यामुळे नातवाला १४ आठवड्यांच्या डोसला आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा माझी नजर आधी गेली ती लशीच्या डब्याकडे. सूनबाईंचा जीव खाजगीतल्या 'पेनलेस' म्हणजे कमी त्रासाच्या लशीत अडकला होता. म्हटलं, एकदा बघून तर येऊ.

सिस्टरनी डीप फ्रीजरमधले आईसपॅक ओट्यावर काढून ठेवले होते. एकेक उचलून कानाशी हलवायच्या. आत पाणी डुचमळलं तरच डब्यात. "कडक बर्फ लागला की पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, गोठते आजोबा, मग ती फुकट जाते." मी खूश! लोकांना वाटतं जितकं गार तितकं बरं. लशीला २ ते ८ अंश लागतात, बस्स. मी कुपीवरचा ठिपका दाखवा म्हटलं, तर न चिडता दाखवला: गोलाच्या आतला चौकोन फिकट, म्हणजे उष्णता लागलेली नाही. (गोठली असेल तर मात्र हा ठिपका बोलत नाही. म्हणून तर त्या कानाशी हलवण्याला माझे पूर्ण मार्क.)

आधी तोंडात पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबावरच्या लशीचे) थेंब, मग उजव्या दंडावर पोलिओची बारीक सुई, दोन मांड्यांत पेंटा आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची लस). पोरगं असं किंचाळलं की बाहेरच्या रांगेतली तीन बाळं सुरात सूर मिसळून रडायला लागली. 'पेनलेस'चं सूनबाईंनी विचारलंच. सिस्टरनी सरळ सांगितलं, इथल्या लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू असतो, त्यामुळे 'पेनलेस'पेक्षा ताप जास्त येतो. संरक्षणात कमी नाही. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते कार्डावर लिहून दिलं. सुईच्या जागी चोळू नका, हे दोनदा बजावलं. रात्री ताप आला, सकाळी उतरला. खर्च शून्य.

आता तक्रार. फळ्यावर साडेनऊ लिहिलंय, सुरू झालं पावणेअकराला. टोकन नाही, पंखा बंद, बाक एकच. सुईनंतर अर्धा तास थांबा म्हणतात, थांबायचं कुठे? सूनबाई जिन्याच्या पायरीवर पदर ओढून पाजत बसल्या. लाखमोलाची लस नीट जपता, मग आयांसाठी चार खुर्च्या का जमू नयेत?

पाचपैकी साडेतीन.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाला परत जाणार. ती कुपी एकदा उघडली की चार तासांनी टाकून द्यावी लागते, म्हणून सिस्टरनी सकाळीच बोलावलंय. जाताना घरचं स्टूल नेईन म्हणतो.